सगळं नीट आहे ना?

पोर्टो, १२ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तुमच्या मठातली शांतता तुला लाभत असेलच. थोडी इकडेही पाठव. माझ्या खोलीखाली रस्ता खणतायत.

तू विचारलंस की पन्नाशीला टेकलेला माणूस पोरांच्या बाकावर बसून नेमकं काय शिकतो. आपल्या गावच्या फादरनाही हा प्रश्न पडला होता. मी त्यांना म्हटलं, हातांनी बघायला शिकतो. ते म्हणाले, "ते तर तू गरम पाण्याच्या कुंडांवर आयुष्यभर केलंस. त्याला पदवी कशाला?"

कुंडांवर मी पाठी चोळायचो, पाण्याचा झोत मारायचो, आणि माणूस बरं वाटून घरी जायचा. का बरं वाटलं हे त्याला कळत नसे आणि मलाही. कुंडं बंद झाली तेव्हा हात रिकामे झाले. तेवीस वर्षांवरच्या माणसांसाठी वेगळी प्रवेशपरीक्षा असते, ती दिली आणि ऑस्टिओपथीच्या शाळेत शिरलो. हाडं, सांधे, स्नायू हातांनी तपासायचे आणि हातांनीच मोकळे करायचे, असं हे शास्त्र आहे. पहिल्या वर्षी आमच्या बाईंनी कागदाखाली एक केस ठेवला आणि वरून बोट फिरवून तो शोधायला सांगितला. सापडला की वर आणखी एक कागद. पोरांची बोटं चौथ्या-पाचव्या कागदाला हरायची. मी डोळे मिटून जपमाळेचे मणी ओढतो तसं बोट ओढलं आणि बराच पुढे गेलो. त्या दिवशी वाटलं, देवाने हे हात उगाच दिले नाहीत.

एकमेकांच्या अंगावरच शिकायचं असतं, म्हणून अर्ध्या चड्डीत सगळ्या वर्गासमोर उभं राहावं लागतं. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. सोराया नावाची एक वात्रट मुलगी माझी जोडीदार आहे. ती म्हणाली, "काका, इकडे वळा. माझे बाबा समुद्रावर याहून कमी कपड्यांत फिरतात आणि वर पोटही दाखवतात."

या वर्षापासून शाळेच्या दवाखान्यात खरे रोगी येतात. आम्ही तपासायचं आणि वालादारेस बाईंनी कोपऱ्यात स्टुलावर बसून बघायचं. पहिल्या आठवड्यानंतर त्या मला म्हणाल्या, "आदेलिनो, तुमचे हात मला आवडले. तोंड कुठे ठेवून येता?"

खरं आहे त्यांचं. कुंडांवर माणूस डॉक्टरची चिठ्ठी घेऊन यायचा आणि पालथा पडायचा. मला पाठीशी बोलायची सवय, माणसाशी नाही. इथे हात लावायच्या आधी निम्मा वेळ नुसतं विचारायचं असतं.

तुझ्या प्रार्थनांमुळेच इथवर आलो. हे मी दर पत्रात लिहितो, तरी लिहू दे.

तुझा,
आदेलिनो


२० नोव्हेंबर

प्रिय ताई,

आगमनकाळ सुरू झाला की नाताळापर्यंत तुमच्या मठात पत्र चालत नाही, म्हणून आधीच लिहितो.

दवाखान्यात झुल्मिरा नावाच्या बाई आल्या. मासळीबाजारात उभं आयुष्य गेलेलं, आवाज असा की आत बोलल्या तर ट्राममधल्या माणसानेही वळून बघावं. कंबर धरलेली. मी सगळं विचारलं: कधीपासून दुखतं, कशाने वाढतं, झोप लागते का. मग ते प्रश्न आले. कंबरदुखीच्या प्रत्येक माणसाला ते विचारायचेच, असा नियम आहे. लघवी कळते का, अडते का, शौचाचं भान राहतं का, मांड्यांच्या मधे बधिरपणा आहे का.

ताई, माझ्या तोंडून ते निघेना. बाई आपल्याहून वयाने मोठ्या. मी मान खाली घालून म्हटलं, "आणि बाकी... सगळं नीट आहे ना?"

"नीट आहे हो, देवाच्या दयेने!"

मी कागदावर 'नीट' लिहिलं. कोपऱ्यातलं स्टूल वाजलं. वालादारेस बाई जवळ आल्या, झुल्मिराबाईंच्या समोर बसल्या आणि दुधाचा भाव विचारावा अशा आवाजात म्हणाल्या, "लघवी धरता येते का तुम्हाला?"

"कुठली धरतेय! धाकट्याच्या बाळंतपणापासून टोपली उचलली की निसटते. धाकटा आता लष्करात आहे!"

"कुणाला सांगितलंत?"

"कुणी विचारलंय?"

झुल्मिराबाईंचं ते दुखणं जुनं होतं, धोक्याचं नव्हतं, त्याला व्यायाम आहेत. पण ती बाई इतकी वर्षं ते काळ्या परकराखाली लपवून मासे विकत होती, आणि मी तिला आणखी एकदा लपवायला मदत केली.

नंतर बाहेर वालादारेस बाई मला म्हणाल्या, "तुम्ही प्रश्न विचारलाच नाहीत. 'नाही' म्हणायची परवानगी दिलीत. सभ्य माणूस सभ्य उत्तर देतो आणि मग घरी जाऊन पांगळा होतो. कण्याच्या टोकाशी नसांचा एक गुच्छ असतो, घोड्याच्या शेपटीसारखा. तो दाबला गेला तर काही तासांत ऑपरेशन लागतं. तुमचे हात कितीही शहाणे असोत, ते त्यांना कळायचं नाही. ते तोंडानेच शोधायचं. फेब्रुवारीअखेर मी ठरवीन की तुम्हाला पुढे रोगी द्यायचे की नाही."

सोराया दुपारी जेवायच्या सुट्टीत माझा सराव घेते. डोक्याला रुमाल बांधून आजी होऊन बसते. "विचार रे बाळा, मी मरायच्या आत विचार!" मी विचारायला लागलो की मलाच हसू येतं, आणि हसू आलं की ती म्हणते, "बघा, आजी मेली."

मी रोज सकाळी चर्चमध्ये मिस्सेला जातो तेव्हा एवढंच मागतो, की जीभ सैल कर. इतकी लहान मागणी देवाकडे कधी केली नव्हती आणि इतकी अवघडही.

आदेलिनो


७ जानेवारी

प्रिय ताई,

नाताळानंतर तुला भेटलो त्याचा आनंद अजून अंगावर आहे. जाळीच्या पलीकडून का होईना, तुझा चेहरा दिसला. तुम्ही केलेला बिही फळाचा मुरांबा सोरायाने एका बसणीत संपवला आणि विचारतेय, मठात भरती कधी असते.

एक गोष्ट मनात राहिली. तू खुर्चीवर एका कुल्ल्यावर भार देऊन बसली होतीस. उठताना तू जाळी धरलीस. मी विचारलं तेव्हा म्हणालीस, पावाच्या भट्टीजवळून पिठाची पोती सरकवली, कंबर जरा रुसली आहे, एक पाय जरा ओढतो. मी म्हटलं, "बाकी सगळं नीट आहे ना?"

तू म्हणालीस, "देवाच्या कृपेने सगळं नीट."

पोर्टोच्या बसमध्ये अर्ध्या वाटेत मला माझंच वाक्य ऐकू आलं. पण म्हटलं, ही झुल्मिराबाई नाही, ही माझी ताई आहे. काही असतं तर बोलली असती.

बसून काम करायचं असेल तर उंच स्टूल घे. पोती दुसऱ्यांना उचलू दे. कंबर रुसली असेल तर अंथरुणात पडून राहू नकोस, थोडं थोडं चालत राहा.

आदेलिनो


मठाच्या दारात, ३० जानेवारी

आदरणीय मदर एश्तेफानिया,

मठप्रमुख म्हणून हे पत्र बहिणीला मिळायच्या आधी आपण वाचता, हे मला माहीत आहे. म्हणून मी हे आपल्यासाठीही लिहितो आहे. कृपा करून शेवटपर्यंत वाचा आणि लगेच तिच्या हातात द्या. वस्तू आत देण्याच्या, दारातल्या लाकडी चक्रात मी पत्र ठेवून, चक्र आत फिरवून, बाहेरच्या बाकावर बसलो आहे. उत्तर मिळाल्याशिवाय मी जाणार नाही.

ताई,

तुझं पत्र काल मिळालं. 'आता दुसऱ्या पायालाही हेवा वाटू लागलाय, दोघेही रात्री जागवतात', असं तू गमतीत लिहिलंस. मी ते वाचून लगेच फोन केला. फोन दारावरच्या सिस्टरनी घेतला. त्या तुला विचारून आल्या आणि म्हणाल्या, "ती म्हणते, सगळं नीट आहे." म्हणून सकाळच्या बसने आलो.

आज भेटीचा दिवस नाही. असता तरी मी तोंडावर विचारलं नसतं, कारण तू हसली असतीस आणि मी विरघळलो असतो. कागद विरघळत नाही.

दोन्ही पाय दुखतात का, आणि त्यांतली ताकद कमी झाली आहे का? पाय जमिनीला घासतो का, जिना चढताना गुडघा वाकून पडतो का? बसायच्या जागेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला, गुप्तांगाला, घोड्याचं खोगीर जिथे लागतं तिथे, बधिर वाटतं का? पुसताना कळतं का? लघवीला गेलीस की ती सुरू व्हायला वेळ लागतो का? ओटीपोट भरलेलं असूनही लागल्यासारखं वाटत नाही असं होतं का? झाली की नाही हे आवाजावरूनच कळतं का? नकळत होते का? शौचाचं भान राहतं का?

यातल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल तर पुढची प्रार्थना संपायची वाट बघू नका. दुपारच्या जेवणाचीही नको. रुग्णालयात जायचं, आणि तिथे हेच शब्द सांगायचे. सगळ्यांची उत्तरं 'नाही' असतील तर मी आनंदाने पायी घरी जाईन.

मी बाकावर आहे.

आदेलिनो


५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तू आता शुद्धीत आहेस आणि पाठीला टाके आहेत, वाचायला जड जाईल. नर्सला वाचून दाखवायला सांग. तिच्यासमोर लपवण्यासारखं आपल्याकडे आता काही उरलेलं नाही.

भिंतीच्या अलीकडे काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहितो.

चक्रात ठेवलेल्या पत्राचा मसुदा मी आदल्या दिवशी दवाखान्यात वालादारेस बाईंना दाखवला होता. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "दोन्ही पाय? मग पत्र कशाला?" मी फोनचं सांगितलं. मग त्यांनी पेन घेतलं आणि माझ्या मसुद्यातलं एक वाक्य खोडलं. मी लिहिलं होतं, 'असं विचारतो म्हणून माफ कर.' त्या म्हणाल्या, "माफी मागितलीत की तुम्हीच सांगता, हे लाजेचं आहे. मग ती कशाला हो म्हणेल?" आणि वर म्हणाल्या, "उद्या पहिली बस किती वाजता? तुमचे रोगी मी बघते."

बाकावर बसून मी जपमाळ काढली, पण मणी पुढे सरकेनात. आत घंटा वाजली. मग चक्रामागून पावलांचा आवाज आला आणि एक म्हातारा, ठाम आवाज म्हणाला, "आदेलिनो तुम्हीच का?"

"हो, मदर."

"मी सत्तरी ओलांडलेली बाई आहे. असं पत्र या मठात आजवर आलेलं नाही."

मी म्हटलं, "माहीत आहे, मदर." माफी तोंडावर आली होती, ती गिळली.

"मी तिला माझ्या खोलीत बोलावलं आणि तुमचं एकेक वाक्य मोठ्याने वाचलं. पहिल्या दोन प्रश्नांना ती म्हणाली, तसं काही विशेष नाही, मदर. मी म्हटलं, विशेष आहे का हे विचारलेलं नाही, हो की नाही एवढंच विचारलंय. मग ती रडायला लागली. रविवारपासून तिला खाली काही कळत नाही. कालपासून लघवी झालेली नाही. म्हणाली, हे दुःख मी देवाला अर्पण केलं होतं."

मी उठून चक्राजवळ गेलो.

"मी तिला काय म्हटलं ते ऐका," मदर म्हणाल्या. "म्हटलं, या मठात माझ्या परवानगीशिवाय कुणी एक जेवण सोडत नाही, एक रात्र जागत नाही. आणि तू आख्खी कंबर अर्पण करायला निघालीस? मला न विचारता? देव ते घेणार नाही. त्याला नियम माहीत आहेत."

"मदर, आता लगेच निघायला हवं. दार उघडायला परवानगी कुणाची लागते?"

"या घरात परवानगी मीच देते," मदर म्हणाल्या. "भाजीची गाडी बाहेर काढलीये. तुम्ही पुढे बसा आणि ड्रायव्हरला रस्त्यात हे प्रश्न विचारत बसू नका, तो गाडी खड्ड्यात घालेल."

ताई, त्यानंतरचं तुला ठाऊक आहे. दार उघडलं आणि तू दोन सिस्टरांच्या आधाराने बाहेर आलीस. वीसेक वर्षांत पहिल्यांदा आपल्यामध्ये जाळी नव्हती आणि मी तुला मिठीही मारली नाही. मी तुझी पावलं बघत होतो. उजवा पाय घासत होता.

रुग्णालयात तू तुझ्या तोंडाने सगळं सांगितलंस, तेच शब्द वापरून, धर्मभगिनीच्या कपड्यांत असून. त्या तरुण डॉक्टरने मान वर केली आणि धावत फोनकडे गेला. फोटोत मणक्यांच्या मधली गादी फुटून त्या नसांच्या गुच्छावर बसलेली दिसली. त्याच संध्याकाळी त्यांनी ती काढली.

डॉक्टर म्हणतात, पायांची ताकद बहुधा येईल. लघवीचं सांगता येत नाही. नळी काढल्यावर कळेल. ते 'बहुधा' म्हणतात तेव्हा मला त्यांचा राग येत नाही. बाई आम्हालाही हेच शिकवतात, की जे माहीत नाही ते गोड करून सांगू नका.

मी वेळ घालवला का, हे मी स्वतःला विचारलं. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "डिसेंबरात एकच पाय होता. तेव्हा विचारलं असतंत तर उत्तर 'नाही' आलं असतं. पण तिला कळलं असतं की सांगायचं काय असतं. पुढच्या वेळी पहिल्याच दिवशी विचारा." ते शिक्षेसारखं नव्हतं. मी ते धरून ठेवलंय.

आदेलिनो


१९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पुढच्या आठवड्यात राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू होतो. त्यानंतर तू मठात परत गेलेली असशील आणि ईस्टरपर्यंत पत्र नाही, म्हणून घाईने बसलो.

आधी बातमी: वालादारेस बाईंनी माझं नाव पुढे रोगी द्यायच्या यादीत घातलं. मी विचारलं, तुमच्या डोळ्यांसमोर मी काय केलं म्हणून? त्या म्हणाल्या, "माझ्या डोळ्यांसमोर काहीच नाही. तुमच्या बहिणीच्या मदरनी मला फोन केला होता." त्यापुढे सांगितलं नाही. सोराया म्हणते, मदरने बाईंनाही ते सगळे प्रश्न विचारले असणार.

मला खरं लिहायचंय ते सोमवारचं. तुझ्या बाजूचं तुला माहीत आहे, माझ्या बाजूचं ऐक.

सकाळी नळी काढणार हे मला कळलं होतं. दोनदा आधी काढून पुन्हा घालावी लागली होती, म्हणून मनात ओझं होतं. मी दवाखान्यात होतो. एका निवृत्त पोस्टमनची मान तपासत होतो आणि त्यांना विचारायचं ते सगळं विचारून झालं होतं. नीट विचारलं, ताई. शब्द कुठे अडले नाहीत. पोस्टमननी उत्तरं दिली आणि वर म्हणाले, "चला, कुणीतरी विचारलं."

मी त्यांना बाहेर सोडायला आलो तेव्हा फोन वाजला. प्रतीक्षागृह भरलेलं होतं. रुग्णालयाचा नंबर बघून मी तिथेच उचलला, बाजूला जायचं सुचलंच नाही.

तू म्हणालीस, "आदेलिनो."

मी म्हटलं, "बोल."

मागे कुठेतरी भांडी वाजत होती. मग तू, जी लहानपणी ओढ्यावर कपडे बदलतानाही मला डोंगराकडे तोंड करायला लावायचीस, जी मठात गेल्यापासून कुजबुजल्यासारखंच बोलतेस, ती तू वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "झाली! मला झाली! आपोआप, मला लागली आणि मला कळलं!"

मी तिथेच ओरडलो, "झाली!"

खिडकीजवळ विणत बसलेल्या एक आजी उठूनच उभ्या राहिल्या. "देवा, अभिनंदन! मुलगा की मुलगी?"

मी फोन कानाला धरूनच म्हटलं, "लघवी, आजी. माझ्या बहिणीला लघवी झाली."

मग आजींनी विणकाम खुर्चीवर ठेवलं, छातीवर क्रूसाची खूण केली आणि म्हणाल्या, "मग त्याहून मोठी कृपा. मुलं तर कुणालाही होतात."

आणि तू फोनवर हसत होतीस, रडत होतीस, आणि तुझ्या शेजारच्या खाटेवरची बाई विचारत होती काय झालं म्हणून, आणि तू तिलाही सांगितलंस. पुन्हा, तसंच, मोठ्याने.

आजींनी प्रार्थना सुरू केली. पोस्टमन दारात थांबले, त्यांनी टोपी काढली. सोराया आतून आली आणि काही न विचारता सामील झाली. मी फोन वर धरला, तुला ऐकू जावं म्हणून. आम्ही सगळ्यांनी तिथेच, अनोळखी माणसांनी, स्वर्गातल्या बापाची प्रार्थना पूर्ण म्हटली, आणि तिकडून तुझा आवाज आमच्या मागोमाग येत होता, जरा उशिराने, प्रत्येक ओळीला.

तुझा भाऊ,
आदेलिनो